पगार ठरलेला, मग भांडण कशाचं?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

ताई, मी सिनसिनाटीत नोकरी करतो. २०२५च्या उन्हाळ्यात आमच्या बेंगल्सनी (अमेरिकन फुटबॉलचा इथला संघ) ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातली नवी पोरं संघांनी पाळीपाळीने निवडायच्या, पहिल्या फेरीत घेतलेला शेमार स्टुअर्ट सराव चालू असताना नुसता कडेला उभा असायचा. ऑफिसातले सांगायचे की नव्या पोरांचा पगार ड्राफ्टच्या नंबरावरच ठरतो. मग भांडण कशाचं होतं? पोरगा हट्टी की मालक चिकट?
*– बेंगल्सचा एक चाहता, सिनसिनाटी*

मालक चिकट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा कल कुठे आहे ते माहीत असूनच तुम्ही पुढचं वाचाल. मीही ओहायोतच राहते आणि बेंगल्सपायी घरात पुरेसा मनस्ताप झालेला आहे.

ऑफिसातल्यांचं म्हणणं खरं आहे. खेळाडू संघटना आणि मालक यांच्यातल्या करारामुळे २०११ पासून कितव्या नंबरला तुमची निवड झाली, त्यावर चार वर्षांची रक्कम जवळजवळ पक्की होते. स्टुअर्ट १७वा. त्या नंबराचे चार वर्षांचे सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर. या आकड्यावर कोणीच वाद घातला नाही. सगळी रक्कम गॅरंटीड असणार, यावरही नाही. वाद होता तो ही गॅरंटी कशाने मोडते यावर.

माझी उभी नोकरी यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी खात्यात गेली. करार हातात आला की आम्ही किमतीचं पान शेवटी बघायचो. आधी उघडायचं ते ‘करार केव्हा मोडला असं धरायचं’ हे कलम. स्टुअर्टच्या एजंटनेही नेमकं तेच केलं.

आता ते कलम जवळून बघा. चार वर्षांचा करार आहे. सहीबरोबर मिळणारा साइनिंग बोनस हा एक मोठा तुकडा, बाकीचा पगार वर्षावर्षाला. दुसऱ्या वर्षी काही कारणाने लीगने, म्हणजे एनएफएलने, तुम्हाला निलंबित केलं, किंवा ‘संघाला बाधक वर्तन’ या गोल शब्दांत बसेल असं तुमच्या हातून काही झालं, तर गॅरंटी मोडते. कितपत मोडते, हा खरा प्रश्न. फक्त त्या वर्षाची, की तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचीही? बेंगल्सना नव्या कागदात दुसरा अर्थ हवा होता. स्टुअर्टचं म्हणणं असं की या संघाने याआधी ज्यांना पहिल्या फेरीत घेतलं त्यांच्या करारात हे नव्हतं, मग माझ्याच का?

गॅरंटी गेली म्हणजे पगार गेला, असं मात्र नाही. पोरगा खेळत राहिला तर पगार मिळतच राहतो. गेलं काय, तर त्याला काढून टाकताना संघाला जे पैसे मोजावे लागले असते ते. म्हणजे संघाच्या हातात फुकटात काढायची मुभा आली. पुण्यात हिंजवडीला नोकरी बदललेल्यांना जॉइनिंग बोनसचं कलम आठवत असेल: वर्षाच्या आत सोडलीत तर बोनस परत. सही करताना ते कोणी वाचत नाही, कारण सोडायचा विचारच नसतो. इथे फरक एवढाच की ‘बाधक वर्तन’ झालं की नाही, हे पहिल्यांदा ठरवणारा दुसरा पक्षच असतो.

संघाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई एकतर्फी लिहितात. बेंगल्सचं म्हणणं होतं की बहुतेक संघांच्या करारात हे कलम आहेच, आम्ही उशिरा घालतोय इतकंच. हे खोटं नव्हतं. पण त्या इतर संघांपैकी बरेच जण बोनसचे पैसे लवकर हातात ठेवतात. बाकीच्यांचं कलम घ्यायचं आणि बाकीच्यांचा हात मात्र घ्यायचा नाही, अशी ही मागणी होती.

या घराण्याचा इतिहासही बघा. संघ पॉल ब्राउन यांनी काढला, आज मुलगा माइक ब्राउन मालक आहेत आणि करारांचं काम त्यांची मुलगी केटी ब्लॅकबर्न बघते. घरचा कारभार, घरचीच तिजोरी. कार्ल पिकन्स नावाच्या खेळाडूने प्रशिक्षकाला कायम ठेवल्याबद्दल जाहीर नाराजी दाखवली, तर २००० पासून बेंगल्सच्या करारांत निष्ठेचं कलम आलं: संघाविरुद्ध बोललात तर बोनस धोक्यात. ते आजही ‘पिकन्स कलम’ म्हणूनच ओळखलं जातं. अशा घरात बाधक वर्तनाचं कलम वाढवायला निघाले, तर एजंटच्या कपाळाला आठी पडणारच.

जूनमध्ये स्टुअर्ट पत्रकारांसमोर सरळ बोलला. मी नवीन काहीच मागत नाही, या लोकांना सामने जिंकण्यापेक्षा वाद जिंकण्यात जास्त रस आहे, अशा अर्थाचं. मग तो सराव सोडून निघून गेला. कॅम्प, म्हणजे हंगामाआधीचं सराव शिबिर, सुरू झाल्यावर लगेच, २५ जुलैला सही झाली. बाहेर आलेल्या बातम्यांप्रमाणे कलम राहिलं आणि त्याबदल्यात बोनसचे पैसे लवकर देण्याचं ठरलं. म्हणजे जो सौदा मे महिन्यात दहा मिनिटांत झाला असता, त्यासाठी वसंतातला सगळा सराव घालवला. ज्याच्या नावावर कॉलेजच्या तीन वर्षांत मिळून साडेचारच सॅक (समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच पाडणं) आहेत, ज्याला अंगभूत ताकदीवर घेतलं आणि शिकवून तयार करायचं होतं, त्या पोराचा सराव! खरेदी खात्यात कोणी असं केलं असतं तर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं असतं.

हंगामातल्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा दुखावला. तेव्हा काही वाचकांनी मला लिहिलं, ‘बघा, म्हणूनच त्याला गॅरंटी हवी होती.’ तर तसं नाही. दुखापतीने हे कलम लागूच होत नाही. ते वागणुकीचं कलम आहे.

आमच्या टेक्सन्सनी दुसऱ्या फेरीतल्या एका पोराला पूर्ण गॅरंटी दिली आणि म्हणे बाकी सगळी फेरी अडून बसली. एकाच्या कराराने बाकीचे कसे अडतात?
*– एक वाचक, ह्यूस्टन*

तुमच्याच गावाने हा धोंडा टाकला. टेक्सन्सनी पहिल्या फेरीतला आपला २५वा नंबर जायंट्सना दिला आणि बदल्यात इतर गोष्टींबरोबर ३४वा घेतला. त्या ३४व्या नंबरावर आयोवा स्टेटचा जेडन हिगिन्स आला. त्याला मे महिन्यात चार वर्षांचे सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर दिले, सगळे गॅरंटीड. दुसऱ्या फेरीत असं त्याआधी कधी झालं नव्हतं. पहिल्या फेरीतल्या सगळ्यांना ते अलीकडे मिळायला लागलं होतं, पण त्या फेरीची कड ३२व्या नंबरावर संपायची. ह्यूस्टनने कड दोन घरं पुढे सरकवली.

मग ३३वा नंबर कोणाचा? क्लीव्हलँडचा, कार्सन श्वेसिंगर. ३४व्याला पूर्ण मिळालं तर ३३व्याला कमी कसं देणार? दिलं. आता ३५वा म्हणतो मी तर लागूनच आहे, ३६वा म्हणतो मी ३५व्याला लागून. आणि संघ म्हणतात, ही रांग थांबवायची कुठे? कोणालाच पहिलं व्हायचं नव्हतं. पोराने आधी सही केली तर मागच्यांचं नुकसान, संघाने आधी दिलं तर बाकी मालकांच्या शिव्या. जुलै उजाडला तरी ३२ पैकी ३० जणांची सही बाकी होती.

ही कोंडी फुटली ती जुलैच्या मध्यावर, आणि जिथे गरज सगळ्यात मोठी होती तिथे. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, डेरेक कार मे महिन्यात निवृत्त झाला. सेंट्सकडे ४०व्या नंबरचा टायलर शॉफ होता, पंचविशीतला, म्हणजे रुकींच्या (पहिल्या वर्षाच्या खेळाडूंच्या) मानाने वयस्करच. क्वार्टरबॅकच्या जागेसाठी स्पर्धा लावायची आणि त्यातलाच एक कॅम्पला नाही, हे त्यांना परवडणारं नव्हतं. सुमारे १ कोटी ८ लाख डॉलर, पूर्ण गॅरंटीड. ४०व्याला मिळाल्यावर ३५ ते ३९ नंबरांशी वाद घालायला काही उरलंच नाही.

त्याच्या मागे मात्र वेगळी गोष्ट. चार्जर्सना हंगामाआधीचा हॉल ऑफ फेमचा सामना खेळायचा होता, त्यामुळे त्यांचे रुकी सगळ्यांच्या आधी, १२ जुलैला हजर व्हायचे होते. ५५वा ट्रे हॅरिस आलाच नाही. सगळ्यात आधी गैरहजर राहायचं धाडस त्याचं, पण पूर्ण गॅरंटी त्याला काही मिळाली नाही. आठवड्याभरात त्याने सही केली. रांगेत तुम्ही कुठे उभे आहात त्याला धाडसापेक्षा जास्त किंमत असते.

एक गोष्ट याच सुमारास उजेडात आली, तिचाही हात यात आहे असं मला वाटतं. २०२२ मध्ये क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला २३ कोटी डॉलर पूर्ण गॅरंटीड दिले. त्यानंतर मालकांनी संगनमत करून बाकी खेळाडूंच्या गॅरंटी दाबल्या, अशी खेळाडू संघटनेची तक्रार होती. लवादाने जानेवारी २०२५ मध्ये ६१ पानी निर्णय दिला: लीगच्या कार्यालयाने संघांना गॅरंटी कमी करायला उत्तेजन दिलं, पण संघांनी खरोखर संगनमत केलं हे पुराव्याने सिद्ध झालं नाही. हा कागद बाहेर यायला जून उजाडला. जून महिन्यात ज्याच्या हातात हा कागद पडला तो एजंट जुलैत का वाकेल?

मी नागपूरला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ज्या कराराने पगार बांधले तो करार या मुलांनी केलेलाच नाही, ते तर तेव्हा शाळेत होते. मग तो त्यांच्यावर बंधनकारक कसा? कोणी कोर्टात गेलं नाही का?
*– विद्यार्थिनी, नागपूर*

गेला होता, आणि तो आमच्या ओहायो स्टेटचाच. मॉरिस क्लॅरेट. त्याला शाळा सुटल्यावर तीन वर्षं व्हायच्या आत २००४च्या ड्राफ्टमध्ये उतरायचं होतं आणि नियम आडवा येत होता. खालच्या कोर्टात तो जिंकला. वरच्या कोर्टाने मे २००४ मध्ये निर्णय फिरवला: नोकरीच्या अटी संघटना आणि मालक सामूहिक वाटाघाटीत ठरवतात, आणि त्या अजून नोकरीत न आलेल्यालाही लागू होतात. निकाल लिहिला सोनिया सोटोमायोर यांनी. त्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तुम्हाला कामगार कायद्याचा पेपर असेल तर हा निकाल मुळातून वाचा, भाषा सोपी आहे.

आता २०११चा करार कोणी केला ते बघा. मार्चपासून जुलैपर्यंत मालकांनी टाळेबंदी केली होती. मालकांना रुकींचे पगार कापायचे होते, कारण ओकलंडचा जामार्कस रसेल त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. २००७चा पहिला नंबर, हंगामाचा पहिला सामना होऊन गेल्यावर सही, ३ कोटींवर डॉलरची गॅरंटी, आणि २०१० मध्ये संघाने काढूनही टाकला. २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची गॅरंटी मिळाली. त्यावेळी एक चेंडू न खेळलेला पोरगा वर्षानुवर्षं हाडं मोडून घेणाऱ्यापेक्षा जास्त कमवायचा, आणि हे संघटनेतल्या जुन्या खेळाडूंना सलायचं. मतदान करणारे तेच. पुढच्या वर्षीच्या पहिल्या नंबरला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे मिळून २ कोटी २० लाख.

जुन्यांना वाटलं होतं की वाचलेले पैसे आपल्याकडे येतील. काही आले. बाकीचं काय झालं, तर संघांना स्वस्तातल्या तरुणांनी संघ भरायची सवय लागली. शिवाय तिसरा हंगाम संपेपर्यंत करार पुन्हा उघडता येत नाही. ब्रॉक पर्डीचं उदाहरण घ्या. २०२२च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा. त्याने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं त्या हंगामात त्याचा पगार ९ लाख डॉलरच्याही आत होता. २०२५च्या मे महिन्यात, नियमाने मुभा दिल्यावर, पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी. या दोन आकड्यांमध्ये जे काही आहे ते २०११ने मालकांना दिलेलं आहे.

सहीच केली नाही तर काय होतं? दंड बसतो का?
*– एक वाचक, डॅलस*

दंड बसत नाही, आणि हेच त्यांचं एकमेव हत्यार आहे. सही झालेला खेळाडू कॅम्प बुडवतो तेव्हा दिवसाला हजारो डॉलर दंड भरतो. ज्याने सहीच केलेली नाही तो नोकरीतच नाही, दंड कोणाला करणार?

पण हत्याराला गंज लवकर चढतो. दहाव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारपर्यंत सही नाही झाली तर तो हंगाम संपला. पुढच्या ड्राफ्टपर्यंत हक्क त्याच संघाकडे, मग पुन्हा ड्राफ्टमध्ये. बो जॅक्सनने हे खरोखर करून दाखवलं: १९८६ मध्ये टँपाने पहिल्या नंबरला घेतलं, तो कॅन्सस सिटीत बेसबॉल खेळायला गेला, १९८७ मध्ये रेडर्सनी सातव्या फेरीत घेतला. पण ज्याला दुसरा खेळ येत नाही त्याने काय करावं? १९८७ मध्ये केली स्टाउफर नावाचा क्वार्टरबॅक अख्खा हंगाम घरी बसला. पुढच्या वर्षी त्याला सिएटलला दिलं. त्याचं नाव आज किती जणांना आठवतं ते बघा.

आयपीएलच्या लिलावात असली भांडणं का होत नाहीत?
*– एक वाचक, पुणे*

आयपीएलच्या लिलावात खेळाडू स्वतः नाव देतो, स्वतःची मूळ किंमत लावतो. ड्राफ्टमध्ये ना संघ निवडता येत ना किंमत. शिवाय लिलावात नाव देऊन मग माघार घेणाऱ्याचा बंदोबस्त केलेला आहे: इंग्लंडच्या हॅरी ब्रुकने २०२५च्या हंगामाआधी दिल्लीकडून माघार घेतली आणि दोन वर्षांची बंदी ओढवून घेतली. बीसीसीआयशी कलमावर हुज्जत घालणारा रुकी मला तरी बघायचा आहे.

माझा मुलगा इथे न्यू जर्सीत हायस्कूलच्या संघात खेळतो. तो ड्राफ्टपर्यंत जाईल अशी आशा ठेवण्याइतकी मी भोळी नाही, पण कुतूहल म्हणून विचारते: आकडा ठरलेलाच असेल तर एजंट कशाला लागतो?
*– एक आई, न्यू जर्सी*

आकड्यासाठी लागत नाही. खेळाडू संघटनेने एजंटचा वाटा जास्तीत जास्त ३ टक्क्यांवर बांधलाय. तो वाटा मिळतो तारखांसाठी आणि शब्दांसाठी. बोनस ऑगस्टमध्ये की पुढच्या मार्चमध्ये. गॅरंटी कशाने मोडते. आणि ‘ऑफसेट’: काढून टाकल्यावर दुसऱ्या संघात गेलास तर तिथला पगार पहिल्या संघाच्या देण्यातून वजा करायचा का. २०१६ मध्ये चार्जर्सचा तिसऱ्या नंबरचा जोई बोसा यातल्या दोन गोष्टींवर, ऑफसेट आणि बोनसच्या तारखेवर, ऑगस्टच्या २९ तारखेपर्यंत अडून बसला. दोन्ही एकदम मिळाल्या नाहीत. उशिरा आल्यावर मांडीचा स्नायू दुखावला, चार सामने गेले, आणि उरलेल्या बारा सामन्यांत साडेदहा सॅक करून तो त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावात्मक रुकी ठरला. म्हणजे दोन्ही बाजूंना ‘बघा, आम्ही सांगत होतो’ म्हणायची सोय झाली.

रोक्वान स्मिथचं मला जास्त आवडतं. २०१८, शिकागो, आठवा नंबर. त्या वर्षी हेल्मेट खाली घालून धडक मारण्याविरुद्ध नवा नियम आला होता. स्मिथच्या बाजूचा प्रश्न रास्त होता: मैदानात, खेळताना झालेल्या अशा धडकेबद्दल लीगने निलंबित केलं, तर तेही गॅरंटी मोडायला पुरेसं धरणार का? ज्या पोराला धडका मारायलाच घेतलंय त्याने हे विचारू नये तर कोणी विचारावं? ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो बाहेर होता, जवळजवळ अख्खा कॅम्प बुडाला. पहिल्या सामन्यात, ग्रीन बेविरुद्ध, मैदानात उतरला आणि कारकिर्दीतल्या पहिल्याच चालीवर सॅक केला.

पुढे तो बाल्टिमोरला गेला. जानेवारी २०२३ मध्ये पाच वर्षांचे १० कोटी डॉलर ठरले तेव्हा त्याच्याकडे एजंटच नव्हता. कलमं त्याने स्वतःच वाचली.